३२ लाख, ७ पावत्या आणि तीन प्रकारची नावं

प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या एका ताईंचे वडील ७१ वर्षांचे, निवृत्त माध्यमिक शिक्षक. आई ६६ वर्षांची. दोघांचे मिळून ३२ लाख रुपये एकाच नागरी सहकारी बँकेत, दोन शाखांमध्ये, सात ठेव पावत्यांवर आहेत. भाऊ म्हणतो, उद्याच्या उद्या सगळं काढा. वडील म्हणतात, पंचवीस वर्षं याच बँकेत व्यवहार केले, माणसं ओळखीची आहेत, शिवाय प्रत्येक पावतीला पाच लाखांचा विमा आहेच. ताई विचारतात, दोघांपैकी बरोबर कोण? आणि रिझर्व्ह बँक डोक्यावर असताना बँका बुडतातच कशा?

मी ३१ वर्षं नागरी सहकारी बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ शाखाधिकारी म्हणून. आता एका सीए फर्मसाठी दुसऱ्या बँकांच्या कन्करंट ऑडिटचं (वर्षभर, व्यवहार चालू असतानाच होणाऱ्या तपासणीचं) काम करतो. मधल्या काळात आमच्याच बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले होते, त्यामुळे काउंटरच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून हा प्रकार पाहिला आहे.

आधी वडिलांचा समज दुरुस्त करू, कारण तो फार लोकांचा असतो. विमा पावतीला नसतो, ठेवीदाराला असतो. एका बँकेत एका ठेवीदाराचे, एकाच हक्काने (म्हणजे एकट्याच्या नावे, किंवा त्याच संयुक्त नावाने) ठेवलेले सगळे पैसे एकत्र धरतात: सगळ्या शाखा, मुदत ठेव, बचत खातं, रिकरिंग, सगळं. त्या बेरजेवर मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख. पावती फोडून पाच केल्या किंवा सिडकोच्या शाखेतली एक पंचवटीत नेली, तरी एक पैसा जास्त मिळत नाही.

तुम्ही लिहिलेली विभागणी अशी: वडिलांच्या एकट्याच्या नावे चार पावत्या, १८ लाख. वडील आणि आई अशा संयुक्त नावाने दोन पावत्या, पाच-पाच लाखांच्या. आईच्या एकटीच्या नावे एक पावती, ४ लाख. आता हिशोब करा. वडिलांच्या १८ पैकी ५ लाख सुरक्षित. संयुक्त १० पैकी ५. आईचे ४ पूर्ण. म्हणजे ३२ पैकी १४ लाखांना विमा आहे आणि १८ लाखांना नाही. वडिलांना वाटतं त्यापेक्षा चित्र बरंच वेगळं आहे, हे त्यांना कागदावर मांडून दाखवा. शिक्षक आहेत, बेरीज पटेल.

यातली एक गंमत बँकेतल्या लोकांनाही ठाऊक नसते. संयुक्त ठेवीत नावांचा क्रम बदलला, की विम्याच्या दृष्टीने ती वेगळी ठेव होते. वडील-आई ही एक आणि आई-वडील ही दुसरी. तुमच्या दोन संयुक्त पावत्यांपैकी एकीवर आईचं नाव पहिलं असतं, तर त्या दोन्हींना स्वतंत्र पाच लाख मिळाले असते आणि एकूण १४ च्या जागी १९ लाख सुरक्षित झाले असते. फक्त पावती पूर्ण पाच लाखांची करू नये, कारण व्याज चढलं की वरची रक्कम उघडी पडते. साडेचार किंवा त्याहूनही कमी, मुदत पाहून. आणि पहिलं नाव ज्याचं, व्याजाचा टीडीएस त्याच्या पॅनवर जातो, हेही ध्यानात ठेवा. बँकेचे शेअर मात्र या विम्यात अजिबात येत नाहीत. वडील सभासद असतील तर ते शेअर म्हणजे भांडवल आहे, ठेव नाही.

हा विमा आला कसा, तेही सांगतो, कारण त्याचा एक धागा आपल्या विदर्भात आहे. १९६० साली केरळमधली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक, अशा दोन बँका कोसळल्या. त्यानंतर ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. सहकारी बँका सुरुवातीला त्यात नव्हत्या, १९६८ च्या दुरुस्तीने आल्या. १९९३ साली मर्यादा एक लाख झाली आणि तिथेच २७ वर्षं बसून राहिली. ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली, तीही पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या घोटाळ्याने देशाला हलवल्यावर. विम्याचा हप्ता बँक भरते, शंभर रुपये ठेवीमागे वर्षाला काही पैसे. ठेवीदाराकडून तो वसूल करायचा नसतो.

आता मुख्य मुद्दा. लोक विचारतात "पैसे बुडतील का?" माझ्या अनुभवात त्याहून कामाचा प्रश्न आहे, "पैसे किती दिवस अडकतील, आणि तेवढे दिवस तुमचं घर चालेल का?"

आमच्या बँकेवर निर्बंध आले त्याचा निरोप मुख्य कार्यालयातून संध्याकाळी सातनंतर फोनवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी शाखेपाशी पोचलो तर शटरवरची नोटीस आधीच लागलेली आणि समोर चाळीसेक माणसं. रिझर्व्ह बँक बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली असे निर्देश देते. नवी ठेव घ्यायची नाही, नवं कर्ज द्यायचं नाही, आणि प्रत्येक ठेवीदाराला ठरावीक रकमेपुरतेच पैसे द्यायचे. प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक खात्याला नाही. एका गृहस्थांनी अकरा पावत्या पसरून मला विचारलं, "साहेब, अकरा गुणिले किती?" मला सांगावं लागलं की गुणिले नाही हो, अकरा मिळून एकदाच.

त्या गर्दीत आमचा पिग्मी एजंट मला दिसेना. बावीस वर्षं बाजारपेठेत रोज फिरून भाजीवाले, पानटपरीवाले, शिंपी यांचे पन्नास-शंभर रुपये गोळा करणारा माणूस. नंतर कळलं, तो समोरच्या चहाच्या टपरीमागे उभा होता. लोकांनी पैसे बँकेला नव्हते दिले, त्याला दिले होते. त्या आठवड्यात जी काही शिवीगाळ झाली ती माझ्यापेक्षा त्याच्या वाट्याला जास्त आली, आणि ताळेबंद बिघडवण्यात त्याचा काडीचाही हात नव्हता.

अडकण्याचा काळ किती, ते आकड्यांत पाहा. पुण्याची रुपी बँक, १९१२ सालची. फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाल्याचा आदेश निघाला ऑगस्ट २०२२ मध्ये. साडेनऊ वर्षं! या काळात किती ठेवीदार वारले असतील, याचा विचार करवत नाही. पीएमसीवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले. आधी फक्त १,००० रुपये काढायला परवानगी, मग १०,०००, २५,०००, असं करत जून २०२० मध्ये मर्यादा एक लाखावर गेली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्यांना विम्यातून पैसे मिळाले. त्यावरच्यांसाठी हप्ते: पहिल्या वर्षाअखेर ५० हजार, दुसऱ्या वर्षी आणखी ५० हजार, तिसऱ्या वर्षी १ लाख, चौथ्या वर्षी अडीच लाख, पाचव्या वर्षी साडेपाच लाख, आणि उरलेलं दहा वर्षांनी. ७१ वर्षांच्या माणसाला "उरलेलं दहा वर्षांनी" या शब्दांचा अर्थ मी समजावून सांगायला नको.

एक सुधारणा मात्र खरी झाली. पूर्वी विम्याचे पैसे बँक अवसायनात गेल्यावर (म्हणजे कायमची बंद करून तिची येणी वसूल करायला अवसायक नेमल्यावर) किंवा विलीनीकरणाची योजना मंजूर झाल्यावरच मिळायचे. म्हणजे निर्बंध कितीही वर्षं चालले तरी विमा झोपलेला. २०२१ च्या कायदा दुरुस्तीने १ सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम देणं बंधनकारक झालं. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने यादी करायची, पुढच्या ४५ दिवसांत ठेव विमा महामंडळाने (डीआयसीजीसी, रिझर्व्ह बँकेचीच संस्था) तपासून पैसे द्यायचे. विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर ही मुदत आणखी ९० दिवस वाढू शकते. म्हणजे विमा असलेल्या पैशासाठीसुद्धा तीन ते सहा महिने घर चालवण्याची सोय दुसरीकडे हवी. विम्याच्या वरची रक्कम मात्र अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून, आणि त्या वसुलीतून आधी विमा महामंडळाचे पैसे परत जातात.

यादीत नाव असूनही पैसे अडकतात ते कागदांमुळे. पैसे हवेत असा संमती अर्ज भरून द्यावा लागतो, केवायसी पूर्ण लागतं आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील लागतो. आमच्याकडे सर्वात जास्त अर्ज बायकांचे अडकले. पावतीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नावच नाही. आईची पावती, आधार आणि पॅन शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळतंय का ते याच आठवड्यात बघा.

रिझर्व्ह बँकेला दिसत कसं नाही? दिसतं, पण तिला जे दाखवलं जातं त्यातून. पीएमसीचं मार्च २०१९ चं चित्र बघा: नफा सुमारे १०० कोटी, ढोबळ एनपीए (थकलेली कर्जं) ३.७६ टक्के, भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) १२.६२ टक्के. माझ्यासमोर असा ताळेबंद आला असता तर मीही मान डोलावली असती. प्रत्यक्षात सुमारे ८,९०० कोटींच्या कर्जातले साडेसहा हजार कोटींहून जास्त एकाच बिल्डर समूहाकडे, एचडीआयएलकडे होते. ही ४४ मोठी खाती झाकण्यासाठी २१,०४९ खोटी छोटी कर्जखाती दाखवली गेली. ती संगणक प्रणालीत उघडलेलीच नव्हती, फक्त रिझर्व्ह बँकेला द्यायच्या कर्जाच्या यादीत घुसवली होती. तपासणी अधिकारी मोठी खाती एकेक करून पाहतो आणि छोट्यांचे नमुने काढतो. एकवीस हजार छोट्या खात्यांच्या गवतात ४४ हत्ती लपवायचे असतील, तर ही पद्धत पुरेशी होते. छोटी कर्जं म्हणजे जोखीम विखुरलेली, हा आमचा सगळ्यांचा लाडका समज त्यांनी बरोबर हेरला.

दुसरं उदाहरण अधिक साधं आहे आणि मला जास्त बोचतं, कारण ते माझ्या कामाचं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तिजोरीतली १२२ कोटींची रोकड गायब असल्याचं उघड झालं. पाचशेच्या नोटांचं एक बंडल म्हणजे हजार नोटा, पाच लाख रुपये. १२२ कोटी म्हणजे २,४४० बंडलं. तेवढी बंडलं पुस्तकात आहेत आणि तिजोरीत नाहीत, हे समजायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, आत जाऊन मोजावं लागतं. मोजणीच्या नावाखाली काय चालतं ते सांगतो. कॅशियर रजिस्टर पुढे करतो, चहा येतो, तिजोरीचं दार उघडून "हे बघा साहेब, आहे सगळं" म्हणतो आणि सही होते. मी स्वतः नव्या शाखेत गेलो की बंडलं बाहेर काढून टेबलावर लावायला सांगतो. लोक तोंड वाकडं करतात. करू देत.

(त्या बँकेचे ठेवीदार मात्र तुलनेने सुटले. ऑगस्ट २०२५ मध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सगळ्यांच्या नशिबी सारस्वत नसते.)

नियंत्रणाचा दुसरा जुना रोग म्हणजे दोन मालक. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांचं बँकिंग रिझर्व्ह बँकेकडे आणि निवडणूक, संचालक मंडळ, नोंदणी सहकार खात्याकडे. संचालक चुकला तर याने त्याच्याकडे बोट दाखवायचं. २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचा हात बराच बळकट झाला: संचालक मंडळ बाजूला करणं, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीवर नजर, निर्बंध न लावताही विलीनीकरण. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला २००३ पासून बंदी आहेच. पण गावाकडे संचालकाचं कर्ज संचालकाच्या नावावर कधी असतं का? ते ड्रायव्हरच्या, भाच्याच्या, नाहीतर कालच नोंदवलेल्या एखाद्या एंटरप्रायझेसच्या नावावर असतं.

मग तुमची बँक कशी ओळखायची? आकडे बघाच: निव्वळ एनपीए, भांडवल पर्याप्तता, ऑडिट वर्ग, लाभांश मध्येच का थांबला. पण पीएमसीने आकड्यांवरचा माझा भाबडा विश्वास घालवला, म्हणून मी आता माणसांकडूनही वास घेतो. बाजारातल्या इतर बँकांपेक्षा सव्वा-दीड टक्का जास्त व्याज देऊन ठेवी गोळा करायची घाई दिसली की मी थबकतो. एकाच माणसाच्या शाळा, कारखाना, गृहप्रकल्प आणि बँक असेल, तर अहवालात काहीही छापलेलं असो, माझा पैसा तिथे विम्याच्या मर्यादेबाहेर जात नाही. वार्षिक सभेला वडील सभासद म्हणून गेले, तर त्यांना एकच प्रश्न विचारायला सांगा: पहिल्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाच्या किती टक्के आहेत? नावं सांगायची नाहीत, ते ठीक. टक्का सांगायला काय हरकत? अध्यक्षांचा चेहरा पाहा.

एक भीती मात्र विनाकारण बाळगू नका. "रिझर्व्ह बँकेचा अमुक बँकेला दोन लाखांचा दंड" अशी बातमी व्हॉट्सॲपवर फिरली की आमच्याकडे ऑडिट चालू असताना दाराशी माणसं जमतात. असे दंड केवायसीचं पालन झालं नाही अशा कारणांसाठीही नेहमी होतात, मोठ्या बँकांनाही होतात. दंड म्हणजे शाळेतला शेरा आहे. ३५अ चे निर्देश म्हणजे दवाखान्यात भरती. दोन्हींत गल्लत करू नका.

भावाचा सल्ला निम्मा बरोबर आहे, पद्धत चुकीची. सातही पावत्या उद्या मोडल्या तर मुदतपूर्व मोडण्याचा भुर्दंड बसेल आणि बँक चांगली असेल तर फुकाचा. मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. वडिलांच्या नावाच्या चार पावत्यांपैकी ज्यांची मुदत जवळ आहे त्या संपल्या की परत ठेवायच्या नाहीत, आपोआप नूतनीकरणाची सूचना आजच लेखी रद्द करायची. तो पैसा आधी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. माणशी ३० लाखांपर्यंत मर्यादा आहे आणि मागे सरकार आहे. एक वर्षाचा घरखर्च आणि औषधपाणी एखाद्या मोठ्या बँकेत, ज्या खात्यात पेन्शन येतं त्याच्या शेजारी. या सहकारी बँकेत वडील, आई आणि दोघं संयुक्त अशा प्रत्येक हिश्शात साडेचार लाखांच्या आत ठेवावं. तेवढं वडिलांच्या मनालाही बरं वाटेल, आणि ओळखीची माणसं काउंटरवर असण्याचं मोल मी नाकारत नाही. माझेही साडेचार लाख एका सहकारी बँकेत आहेतच.

दोन ठिकाणी हा सगळा हिशोब लागू होत नाही, ते सांगून ठेवतो. पतसंस्था, मग ती गावातली असो की मोठ्या फलकाची "मल्टीस्टेट", ठेव विम्यात येत नाही. नावात "बँक" नाही, परवाना रिझर्व्ह बँकेचा नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टीस्टेटचे ठेवीदार काय भोगतात, ते खानदेशात कोणालाही विचारा. आणि तुमची गृहनिर्माण सोसायटी. सोसायटी म्हणजे एक ठेवीदार. ६० सदनिकांचा मिळून सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) ४० लाख असला तरी एका बँकेत विमा पाच लाखच, साठ गुणिले पाच नाही. पीएमसीत अशा कितीतरी सोसायट्या अडकल्या आणि लिफ्टच्या दुरुस्तीला वर्गणी काढावी लागली.

शेवटी तुम्ही हळूच विचारलंय की आईचे दागिने त्याच शाखेच्या लॉकरमध्ये आहेत. ते ठेव नाहीत, त्यामुळे निर्बंधांत अडकत नाहीत. न्यू इंडियाच्या शाखांतही लोकांना लॉकर उघडू दिले जात होते, फक्त कुपन घेऊन रांगेत उभं राहावं लागलं. पण लॉकर आईच्या एकटीच्या नावावर असेल, तर त्यावर नॉमिनी लावलाय का ते बघून घ्या. आणि किल्ली कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक असू द्या.